माफी, कप्तान!

सोमवार, १५ फेब्रुवारी १९९९

प्रिय उर्सुल,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न उघडताच फेकून देशील, म्हणून पत्ता मी डाव्या हाताने लिहिला आहे. सिस्टर जेर्त्रूद यांनी याच हाताच्या बोटांवर पट्टी मारून मारून मला उजव्या हाताने लिहायला शिकवलं, ते तुला आठवत असेल. पट्टी आडवी नाही, धारेवर धरून मारायच्या. पंचावन्न वर्षांनी त्या हाताने तुझं नाव लिहिलं, तर आठ वर्षांच्या मुलीचं अक्षर आलं.

डोल्झे दौडमंडळाच्या हॉलवर गेला आहे. उद्या मार्डी ग्रा, परवा कपाळाला राख आणि मग चाळीस दिवसांचा उपास. उद्याची मुखवट्यांची दौड कोणत्या रस्त्याने न्यायची, कोणाच्या अंगणात थांबून कोंबडी मागायची, घोडे किती, गाड्या किती, हे सगळं आज ठरतं, आणि कप्तानाशिवाय ते ठरत नाही. संध्याकाळच्या जेवणापर्यंत तो घरी येणार नाही. तेवढा वेळ माझ्याकडे आहे.

वर्षभर तू माझ्याशी बोलली नाहीस. मिस्सेला तू आता डावीकडच्या बाकांवर बसतेस, कारण तिथे तुझ्या लेकाची, वाल्सँची, चाकाची खुर्ची मावते. मी मागून बघत असते. तू एका हाताने त्याची मान सावरतेस, दुसऱ्या हाताने त्याची हनुवटी पुसतेस आणि प्रार्थनेचं पुस्तक मांडीवर तसंच मिटलेलं राहतं. बत्तीस वर्षांचा पुरुष, दीडशे पौंडांचं भाताचं पोतं एका खांद्यावर टाकायचा. काल फादरांनी शांतीचा हात द्यायला सांगितलं, तेव्हा मी तुझ्याकडे वळले होते. तू पाहिलंस. पाहून पुढे तोंड केलंस. तू बरोबर केलंस. का बरोबर केलंस ते तुला अजून माहीत नाही, तेच सांगायला बसले आहे.

आपल्याला मार काही नवा नव्हता, नाही का? वसतिगृहात फ्रेंच शब्द तोंडातून गेला की कोरड्या तांदळावर गुडघे टेकायचे. तांदूळ आपल्याच बापांच्या शेतातला, फीऐवजी पोत्यांनी दिलेला. एकदा मी झोपेत आईला फ्रेंचमध्ये हाक मारली, तर तू उठून म्हणालीस, “सिस्टर, ती मी.” एक तास गुडघ्यांवर होतीस. उठलीस तेव्हा दाणे कातडीत रुतले होते, आणि मी ते नखाने एकेक काढत होते आणि रडत होते. तू म्हणालीस, “रडतेस काय, वेडे, शिजवून खाऊ या.” आणि खदाखदा हसलीस. तुझं ते हसू प्रेअरीच्या सगळ्या माळाला ऐकू जायचं. घरी गेलो तर बाप मारायचे, भाऊ मारायचे, वर्षातून एकदा मुखवटे घालून हीच माणसं एकमेकांना चाबकाने बडवायची आणि आपण अंगणात उभ्या राहून टाळ्या वाजवायचो. मारात खेळ कुठला आणि खरा कुठला, हे आपल्याला कोणी कधी वेगळं करून शिकवलंच नाही.

मुखवटे मी करायचे, माझ्या आधी माझी आई. खिडकीच्या जाळीची तार गुडघ्यावर वाकवून नाक काढायचं, रंग द्यायचा, पिसं शिवायची. भरतकाम नन्सनी शिकवलं, ते इथे कामी आलं. आईने मला एकच नियम घालून दिला होता. मुखवटा कोणाचा, हे करणारी आणि घालणारा यांनाच ठाऊक. बायकोला सांगायचं नाही, फादरांना नाही, कप्तानाला तर मुळीच नाही. कप्तान एकटाच उघड्या चेहऱ्याचा. त्याला कोण कोण आहे हे कळलं तर तो माणूस बघून मारेल. न कळता मारतो म्हणून तो खेळ.

आता टेलेस्फोरचं सांगते. गेल्या वर्षी मार्डी ग्राच्या आधीच्या शनिवारी मी डोल्झेबरोबर गुरांच्या खाद्याच्या दुकानात गेले होते. माझा गाल तेव्हा पिवळा पडला होता, म्हणजे हिरव्यावरून उतरणीला लागला होता. पावडर लावली होती, पण टेलेस्फोर गुरांची दुखणी बघून मोठा झालेला माणूस. त्याला पावडरखालचं दिसलं. डोल्झे नेहमीसारखा सगळ्यांना डिवचत होता, “पोरांनो, या वर्षी कातडी जाड करून या, माझा हात शिवशिवतोय.” काउंटरला टेकलेला टेलेस्फोर म्हणाला, “आमची जाड आहे, कप्तान. अझेलीची नाही. घरी एवढी मेहनत केल्यावर आमच्यासाठी हातात जोर उरतो का तुझ्या?” दुकानात चार माणसं होती. एक जण खोकल्यासारखं हसला. डोल्झेही हसला. टेलेस्फोरच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, “उरतो, उरतो. मंगळवारी बघ.” डोल्झे रागावला की मला सवय आहे. तो हसला की मी भांडीसुद्धा आवाज न करता ठेवते. आणि तुला खरं सांगते, उर्सुल, मला त्या क्षणी राग डोल्झेचा नाही आला, टेलेस्फोरचा आला. चार माणसांसमोर त्याने माझा गाल उघडा पाडला म्हणून.

त्याच दुपारी मी गंबोच्या रश्शासाठी तेलात पीठ भाजत होते. तुला सांगायला नको, त्या वेळी हात थांबवता येत नाही. क्षणभर थांबलं की तळाला लागतं आणि सगळं टाकून द्यावं लागतं. डोल्झे मागे येऊन उभा राहिला. “टेलेस्फोरचा कोणता गं?” मी म्हटलं, “काय कोणता?” “मुखवटा.” “कशाला हवाय?” “असंच.” त्याने माझ्या अंगाला हात लावला नव्हता. आवाज चढवला नव्हता. दाव्यातला तुझा वकील हे ऐकेल तेव्हा त्याला वाटेल, याने हिचा हात पिरगाळला असता तर बरं झालं असतं. नाही पिरगाळला. चाळीस वर्षांच्या संसारात मी इतकी तयार झाले होते की विचारलं की सांगायचं. मी मान न वळवता म्हटलं, “लाल चोचीचा. कोंबड्याचा.” तो गेला. पीठ छान तांबूस झालं, जराही करपलं नाही.

रविवारी मिस्सेहून आल्यावर तो ओसरीवर चाबूक विणायला बसला. दरवर्षी विणतो तसाच, गोणपाटाच्या तीन पट्ट्या पाण्यात भिजवून वेणी घातलेला. आवाज मोठा आणि मार हलका. या वेळी वेणीच्या आत कुंपणाची तार होती. काटे पकडीने तोडून टाकलेली, तीन पदरी. मी पाहिलं. मी त्याला कॉफी नेऊन दिली. कप ठेवायला जागा व्हावी म्हणून त्याने तारेचं भेंडोळं पायाने बाजूला सरकवलं. मी मनाशी म्हटलं, टेलेस्फोर रेड्यासारखा आहे, अंगावर दोन-दोन कोट घालतो, दारू प्यायलेला असेल, दोन वळ उठतील, झालं. मी असं म्हटलं, उर्सुल. मी ते प्रार्थनेच्या सुरात म्हटलं.

मंगळवारी सकाळी मी दरवर्षीप्रमाणे तुझ्या पडवीत तुझ्या शेजारी होते. पावसाने अंगणात चिखल. तीस घोडे, दोन गाड्या, सगळे ओरडत, गात. तू आपली ती काळी पिसांची कोंबडी उंच धरलीस आणि म्हणालीस, “कोणाला हवी, मेल्यांनो? गुडघ्यांवर या!” आणि लाल चोचीचा मुखवटा सगळ्यांच्या पुढे, चिखलातून रांगत, हात जोडत, कोंबड्यासारखा आरवत तुझ्याकडे आला. तुला त्या धिप्पाड अंगावरून वाटलं टेलेस्फोर. मला वाटलं टेलेस्फोर. तू त्याच्या डोक्यावर टपली मारलीस, “काय रे बोकडा, वजन वाढलं का तुझं?” त्याने मान डोलावली. बोलला असता तर तू आवाज ओळखला असतास. पण मुखवट्यातला माणूस यजमानाशी बोलत नाही, त्याने फक्त कप्तानाकडे, तीही आवाज बदलून, माफी मागायची असते.

डोल्झे घोड्यावरून उतरला. पहिला फटका पाठीवर बसला तेव्हा तो खेळातल्यासारखाच लोळला आणि ओरडला, “माफी, कप्तान!” सगळे हसले. तू हसलीस. दुसरा, तिसरा. “माफी, कप्तान! माफी!” तू टाळ्या वाजवल्यास. घोड्यांवरचे ओरडत होते, “दे त्याला, अजून दे, कोंबडी चोर आहे तो!” चौथ्या फटक्याला कोट फाटला. पाचवा मानेवर. मग डोल्झेने चाबूक उलटा धरला, मुठीच्या बाजूने, जिथे तारेची टोकं दुमडली होती, आणि तोंडावर मारायला लागला. मुखवट्याची जाळी आत गेली. जाळीतून रक्त असं आलं जसं गाळणीतून येतं, एकाच वेळी शंभर भोकांतून. तो अजून माफीच मागत होता, कारण आपल्याकडे खेळातही तोच शब्द आणि मरतानाही तोच. त्याने तोंड झाकायला उजवा हात वर केला. त्या हाताची करंगळी अर्धी होती.

वाल्सँची करंगळी भात उचलण्याच्या यंत्रात गेली तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. टॉवेलमध्ये हात गुंडाळून दवाखान्यात मीच नेला होता त्याला, तू तापाने अंथरुणात होतीस म्हणून. तो हात मी ओळखला. सगळ्या अंगणात मी एकटीनेच ओळखला. तुझी नजर त्या वेळी कोंबडीकडे होती, ती निसटली होती. मी ओरडायला हवं होतं. मी तुझं कोपर धरलं. तुला वाटलं मी हसून हसून तोल जाऊन धरते आहे. मी ओरडले नाही, कारण मी वाल्सँचं नाव घेतलं असतं तर डोल्झेला कोणाला मारायचं होतं हे मला ठाऊक होतं हे उघड झालं असतं. मी कोपर धरलं आणि डोल्झेने डोकं झाकलेला तो हात बाजूला पाडून आणखी दोन फटके मारले. ते दोन डोळ्यावर आणि कानशिलावर बसले. डॉक्टरांनी म्हटलं ना, बुद्धी गेली ती कानशिलावरच्या माराने. ते दोन माझे आहेत. डोळ्यातून काढलेली तारही माझ्याच मुखवट्याची.

मग आरवणं, ओरडणं काहीच येईना तेव्हा कोणीतरी म्हणालं, “पुरे, कप्तान, उठत नाही तो.” मुखवटा निघाला आणि तू पाहिलंस. पुढचं तुला मी सांगणार नाही.

डोल्झेने त्याला स्वतः उचलून पिकअपमध्ये ठेवलं, हे तू सगळ्यांना सांगायचीस, निदान पहिल्या आठवड्यात. खरं आहे ते. त्याला मारायचा होता तो माणूस वेगळा होता. घरी येऊन त्याने चाबूक तेलाच्या पिंपात जाळला. गोणपाट जळून गेलं, तार राहिली, ती त्याने तुकडे करून तळ्यात टाकली. मग हात धुऊन टेबलाशी बसला आणि म्हणाला, “तू मला चुकीचा मुखवटा सांगितलास.” बस, एवढंच. त्या दिवसापासून त्याने मला एकदाही मारलेलं नाही. शेजारणी म्हणतात, बघ, दुःखाने माणूस सुधारला. तो सुधारला नाही. आता आम्ही दोघं एका बाजूचे आहोत, असं त्याला वाटतं.

आणि गेल्या शरदात वकिलासमोर मी तसंच वागले. “बाई, तुम्ही पडवीत होतात. नेहमीपेक्षा वेगळं काही दिसलं?” “नाही.” “नवऱ्याचं त्या माणसाशी वैर होतं?” “वाल्सँशी? नाही, वाल्सँ आम्हाला मुलासारखा.” हे खरं होतं, म्हणून ते बोलताना माझा आवाज कापला नाही. तुझी साक्ष मी बाहेरच्या बाकावर बसून दारातून ऐकली. “बाई, तुम्ही हसलात ना?” “हो.” “टाळ्या वाजवल्यात?” “हो.” “म्हणजे आईलासुद्धा तो खेळच वाटला.” कागदावर त्यांनी लिहिलं, साक्षीदार गप्प. टेलेस्फोर बिचारा म्हणाला, दुसऱ्या घराशी वाल्सँच्या मुखवट्याचा बंद तुटला, त्याने माझा मागितला, मी दिला, त्याचा मी बांधून घेतला. मुखवटे बदलणं नेहमीचंच. दौडमंडळाच्या वकिलाने तेच उचललं. ज्याचा चेहरा दिसत नाही, जो नेमका कोण हेच माहीत नाही, त्याला मुद्दाम कोण मारेल?

आपल्या लुईझियानाचा तो कायदा आता मला पाठ झाला आहे, जशी कधी काळी नन्सनी घोकून घेतलेली धर्माची प्रश्नोत्तरी पाठ होती. मार्डी ग्राच्या मिरवणुकीत जो येतो तो तिथला धोका पत्करून येतो. इजा झाली तर मंडळ जबाबदार नाही, मंडळाचे सभासद जबाबदार नाहीत. अपवाद एकच, कृत्य जाणूनबुजून आणि निर्दयपणे केलेलं असेल तर. जानेवारीत न्यायाधीशांनी मंडळाला मोकळं केलं. त्यांच्यापुढे डोल्झेने पुरावा म्हणून जुना चाबूक ठेवला होता, आधीच्या वर्षीचा. न्यायाधीशांनी तो स्वतःच्या तळहातावर मारून पाहिला आणि किंचित हसले. डोल्झेचं प्रकरण मार्चमध्ये आहे आणि तुझा वकील म्हणतो, त्याचंही तेच होणार. दुकानात लोक म्हणतात, “दौडीत धावायचं आणि मग कोर्टात रडायचं!” एकीने मला ऐकवलं, “आई हसत होती म्हणे, आणि आता भरपाई मागते.” मी बटाटे निवडत राहिले. त्या बाईच्या तोंडावर बटाटा मारावासा वाटला, पण तोंड माझंही तेवढंच काळं होतं.

म्हणून हे आधी ऐक. तू खेळाला हसलीस. अंगणात खेळ नव्हता हे माहीत असलेली माणसं दोनच होती, एक मारत होता आणि दुसरीने तुझं कोपर धरलं होतं. तुझं हसू त्या कागदांत त्यांनी पुरावा म्हणून डकवलं आहे. मी ते काढून घ्यायला येणार आहे.

उद्या पहाटे घोडे निघाले की मी घर सोडते. बहिणीकडे जाईन, तिला सांगून ठेवलं आहे. परवा कोर्ट उघडलं की तुझ्या वकिलाकडे जाऊन सगळं लिहून, शपथेवर सही करून देईन. मुखवट्याचं, तारेचं, जाळलेल्या चाबकाचं, दोन फटक्यांचं. त्याने डोल्झे कायद्याच्या आडोशातून बाहेर येईल. पण डोल्झेकडे काय आहे? एक घोडा, एक पिकअप आणि कर्ज. वाल्सँला आयुष्यभर उचलायला, धुवायला, भरवायला माणूस लागेल आणि तू त्रेसष्ट वर्षांची आहेस. जमीन आहे ती माझी. साठ एकर भात आणि क्रॉफिश झिंग्यांचं तळं बाबांनी माझ्या एकटीच्या नावावर केलं, जावयाचं नाव त्यांनी मुद्दाम घातलं नाही. आणि तुझ्या दाव्यात माझं नाव कुठेच नाही. मी बहिणीच्या गावच्या एका वकिलाला दुसऱ्याच कोणाची गोष्ट म्हणून विचारलं. तो म्हणाला, आपल्या राज्यात दोषाचे वाटे पाडतात, माहीत असून गप्प बसणाऱ्या बाईच्या नावावरही वाटा पडू शकतो. पण इजेला एक वर्ष पूर्ण झालं की नव्याने कोणावर दावा लावता येत नाही. मग हसून म्हणाला, “त्या बाईला सांगा, थोडे दिवस गप्प बसा, कायदाच तुम्हाला मोकळं करेल.” वर्ष येत्या चोवीस तारखेला पूर्ण होतं, उर्सुल. नऊ दिवस आहेत. तुझ्या मनात माझ्याविषयी अजून काही उरलं असेल तर ते आत्ता बाजूला ठेव आणि वकिलाला सांग, अझेली फुसेलियर हिच्यावर दावा लाव. मी एकाही आरोपाला नाही म्हणणार नाही.

तू नाही म्हणालीस तरी तुझीच,

अझेली